कोरड्या नदीचं वाहतं पाणी

मालेगाव, भिवंडी आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर विणलेल्या कोऱ्या कापडाचा मोठा हिस्सा धुण्या-रंगवण्यासाठी राजस्थानात पाली आणि बालोतऱ्याला जातो. तिथे त्याची खळ निघते, ते पांढरं होतं, रंगतं, आणि ब्लाउजपीस, परकराचं पॉपलीन, अस्तर अशा रूपांत पुन्हा आपल्या बाजारपेठांत येतं. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी कापडदुकानदारांचं मूळ गाव पाली जिल्ह्यातल्या गोडवाडात असतं, त्यामुळे या व्यवहाराला पिढ्यांची ओळखही आहे. कापड येतं-जातं, ज्या पाण्यात ते धुतलं जातं ते पाणी मात्र तिथेच राहतं. त्या पाण्याचं पुढे काय होतं हे पाहण्यासाठी फाल्गुनाच्या अखेरीस मी जवाई धरणापासून लूणी नदीच्या पात्रापर्यंत पाण्याच्या उताराने प्रवास केला.

जवाई धरण अरवलीच्या पायथ्याशी आहे. भोवती ग्रॅनाइटच्या गुळगुळीत टेकड्या, त्यांच्या कपारींत बिबटे आणि खालच्या माळावर लाल पागोट्यांचे रबारी मेंढपाळ. जोधपूरचे महाराजा उम्मेदसिंह यांच्या काळात, १९४६ मध्ये, या धरणाचं काम सुरू झालं आणि स्वातंत्र्यानंतर ते पुरं झालं. पाली शहर याच पाण्यावर जगतं. पाऊस दगा देतो तेव्हा मात्र धरण तळाला जातं. २०२२ च्या उन्हाळ्यात पालीला जोधपूरहून रेल्वेने पिण्याचं पाणी पोचवावं लागलं होतं. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी आपण विसरलेलो नाही; तिच्या टाक्या राजस्थानातल्या कोट्याच्या कारखान्यात धुऊन तयार झाल्या होत्या. टंचाईने हे दोन मुलूख एकमेकांना असे बांधलेले आहेत.

धरणावरून पालीकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे दिसतं त्यावरून इथली शेती कळते. खरिपात बाजरी, मूग, मटकी, तीळ, गवार. विहिरीला पाणी असेल तर रब्बीत गहू, मोहरी, जिरं. सोजतच्या बाजूला मेंदीचे मळे आहेत. एकदा लावलेली मेंदी कमी पावसात वर्षानुवर्षं पाला देते आणि देशभर जाते. खारट जमिनीत तग धरणारा ‘खारचिया’ नावाचा गहू हे याच जिल्ह्याचं देणं. क्षारांना टिकणारे गव्हाचे वाण तयार करताना जगभरच्या पैदासकारांनी त्याचा आधार घेतला आहे. म्हणजे इथला शेतकरी क्षाराला नवखा नाही. कुठल्या बेऱ्याचं पाणी गोड, कुठल्याचं मचूळ, कोणतं पाणी कोणत्या पिकाला चालेल, हे त्याला बापजाद्यांपासून ठाऊक आहे. बेरा म्हणजे विहीर, आणि मारवाडात विहिरीला नाव असतं, इतिहास असतो, वाटेकरी असतात.

पालीजवळ बांडी नदीच्या पुलावर गाडी थांबवली आणि पहिला धक्का तिथेच बसला. मारवाडातल्या नद्या वर्षातून मोजके दिवस वाहतात. पावसाळ्यात लोंढा येतो, वाळू भिजवून निघून जातो, आणि उरलेलं वर्ष पात्रातून गुरं नि ट्रॅक्टर जातात. शिमगा उलटून गेलेला, उन्हं तापू लागलेली, अशा दिवसांत बांडी कोरडी असायला हवी होती. ती वाहत होती. पाण्याचा रंग जांभळट काळा होता, कडेला पिवळसर फेस साचला होता आणि ओल्या वाळूवर पांढरी कड धरली होती. या दिवसांत पात्रात पावसाचा थेंब नसतो. जे वाहतं ते कारखान्यांचं आणि गावाचं सांडपाणी.

पालीत कापड धुण्या-रंगवण्याचे शेकडो कारखाने आहेत. पूर्वी रंगारी-छिप्यांचं जे काम कुंडात आणि नदीकाठी होई, ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रांवर गेलं. कोऱ्या कापडाचा प्रवास समजून घेतला की सांडपाण्याचं गणित उलगडतं. आधी खळ काढायची. मग कॉस्टिक सोड्यात उकळून तेलकटपणा घालवायचा, ब्लीच करायचं, आम्लाने सोड्याचा कडकपणा मारायचा. नंतर रंग. सुती कापडावर रंग चढावा म्हणून रंगाच्या पाण्यात भरपूर मीठ किंवा सोडियम सल्फेट टाकतात आणि तो पक्का बसावा म्हणून सोडा किंवा सोडियम सिलिकेट वापरतात. प्रत्येक पायरीनंतर धुलाई. रंगाचा बराचसा भाग कापडावर राहतो, उरलेला पाण्यात जातो. मीठ मात्र जवळजवळ सगळंच्या सगळं पाण्यात जातं, कारण कापडाला ते नकोच असतं. सोडियम इथून निघतं आणि पुढच्या सगळ्या कहाणीत तेच खरं पात्र आहे.

हे ओळखून काही केलंच गेलं नाही असं नाही. कापड उद्योगासाठी देशातलं पहिलं सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र १९८३ मध्ये पालीतच उभं राहिलं, पुढे आणखी झाली. मात्र या केंद्रांचा नेहमीचा उपाय जिवाणूंचा असतो. जिवाणू सेंद्रिय घाण खातात. विरघळलेलं मीठ त्यांना खाता येत नाही. केंद्र उत्तम चाललं तरी जितकं मीठ आत येतं तितकंच बाहेर पडतं. ते अडवायचं तर पाणी पडद्यांतून दाबून गाळावं लागतं आणि उरलेला खारा अर्क आटवावा लागतो. त्याला वीज लागते, पैसा लागतो, आणि शेवटी हाती आलेल्या क्षाराच्या ढिगाला सुरक्षित जागा लागते. अलीकडे पाली-बालोतऱ्यात तसे प्रयत्न सुरू झाले आहेत. तरी ज्या कारखान्याचं पाणी रात्री गुपचूप नाल्यात किंवा टँकरने पात्रात सोडलं जातं, ते कुठल्याही केंद्रापर्यंत पोचतच नाही.

पालीच्या खालच्या अंगाला बांडीच्या काठाने गावं लागत जातात. बागायती थांबलेली शेतं इथे लांबूनही ओळखू येतात. विलायती बाभूळ वाढलेली दिसली की समजावं, जमीन पडीक पडली. गेल्या शतकात जोधपूर संस्थानाने वाळवंट थोपवण्यासाठी हे परदेशी झाड आणलं. त्याच्या बिया विमानातूनही टाकल्या गेल्या. ते खारात, सांडपाण्यात, कशातही जगतं.

एका शेतकऱ्याने आपला बेरा दाखवला. नदीपासून हाकेच्या अंतरावर, दगडी बांधणीचा, काठावर चार माणसं एका वेळी पाणी शेंदतील एवढा ऐसपैस. त्याच्या आजोबांनी खोदलेला. काठाच्या दगडांवर दोराने पाडलेल्या खाचा अजून आहेत. बोट फिरवलं की खोली कळते. मोटार काढून नेलेली होती, पाइपावर गंजाचे पापुद्रे होते. त्याने पोहऱ्याने पाणी काढलं आणि काचेच्या बाटलीत भरून उजेडासमोर धरलं. फिक्या चहाच्या रंगाचं पाणी. बाटली हलवली तर वर फेस आला आणि बराच वेळ तसाच राहिला. “भाईसा, हे पाणी मी माझ्या म्हशीलाही पाजत नाही,” तो म्हणाला. “आमच्या लग्नात या बेऱ्याच्या पाण्यावर सगळ्या गावचा स्वयंपाक झाला होता.”

मग तो मला शेतात घेऊन गेला. जमिनीवर पांढरा थर होता आणि त्याखाली माती काळपट, कडक. पावलाखाली ती कुरकुरली. सोडियम जास्त झालं की ते मातीतल्या कॅल्शियमला बाजूला सारून त्याची जागा घेतं. मातीचे कण मग एकमेकांना धरून राहत नाहीत. भिजले की विस्कटतात आणि वाळले की पापडी धरतात. त्या पापडीतून पावसाचं पाणी आत उतरत नाही, कोवळा अंकुर वर येत नाही. यावर उपाय जिप्समचा. राजस्थानातच नागौर, बिकानेरकडे ते निघतं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. पण हुसकावलेलं सोडियम धुऊन न्यायला गोडं पाणी लागतं, आणि गोडं पाणी देणारा बेराच तर गेलेला असतो. शेतकऱ्याची कोंडी नेमकी इथे आहे.

सांडपाणी नदीतून वाहतं, तर विहिरी का नासाव्यात? मारवाडात याचं उत्तर जमिनीच्या रचनेत आहे. बांडी, जोजरी, लूणी यांच्या पात्रांत आणि काठांवर वाळूचा जाड गाळ आहे. पावसाळ्याचा लोंढा या वाळूत जिरतो, दोन्ही काठांखाली पसरतो आणि खोल मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर धरून राहतो. म्हणून परंपरेने सगळ्यांत गोड्या विहिरी नदीच्या काठच्याच. नदीपासून दूर गेलं की पाणी मचूळ होत जाई. शेतकऱ्यांनी पैसा ओतून बांधीव बेरे काढले ते याच पट्ट्यात, गहू-जिऱ्याची बागायतही याच पट्ट्यात. आता त्याच वाळूतून, त्याच वाटेने सांडपाणी खाली उतरतं, आणि तेही चार दिवस नाही, बाराही महिने. जिने पिढ्यानपिढ्या विहिरी भरल्या, त्या नदीनेच त्या नासवाव्यात, ही या प्रदेशातली खरी हानी आहे. जिल्ह्यातली सर्वांत चांगली शेती सर्वांत आधी गेली.

पावसाळी नदीला आणखी एक मर्यादा असते. सांडपाणी नदीत सोडण्याची मानकं जगभर मुळात वाहत्या नद्यांचा विचार करून ठरली. ब्रिटनच्या शाही आयोगाने १९१२ मध्ये घालून दिलेला दंडक नदीत सांडपाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल हे धरून होता. बांडीत होळीनंतर मिसळायला काय असतं? काहीही नाही. जे सोडलं तेच नदीत वाहतं, वाटेत आटून आणखी खारं होतं आणि मग जमिनीत शिरतं. कागदावर मानकात बसणारं पाणीसुद्धा इथे विहीर मारू शकतं.

बांडीवरचा नेहडा बांध खरं तर सिंचनासाठी. त्यात कारखान्यांचं पाणी साचायला लागलं तेव्हा काठच्या शेतकऱ्यांनी संघटना बांधली, मोर्चे काढले, न्यायालयात गेले. उच्च न्यायालयापासून राष्ट्रीय हरित लवादापर्यंत ही लढाई चालत आली आहे. २०१६ मध्ये लवादाच्या आदेशाने पालीतले कारखाने बंद ठेवावे लागले होते. त्या काळात हजारो हातांचा रोजगार थांबला. गावाची ही दुसरी बाजूही पाहायला हवी: पालीत घरटी कुणी ना कुणी कापडात आहे, उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले मजूर आहेत, घड्या घालणाऱ्या बाया आहेत. विहीर गमावलेला शेतकरी आणि रंगाच्या हौदात उभा असलेला मजूर यांत भांडण लावून काही सुटणार नाही. दोघांनाही स्वस्त कापडाची किंमत मोजावी लागते आहे, आणि ती कापडाच्या दरात कुठेच लागत नाही.

पालीहून जोधपूरकडे जाताना थोडी वाकडी वाट करून खेजडलीला गेलो. १७३० मध्ये राजवाड्यासाठी चुन्याच्या भट्टीला लाकूड हवं म्हणून शिपाई आले, तेव्हा खेजडीची झाडं वाचवण्यासाठी अमृतादेवी आणि त्यांच्यामागून एकूण ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. खेजडी म्हणजे आपली शमी. तिच्या खोल मुळ्या वाळूखालचा ओलावा शोधतात, पाला गुरांना, शेंगा माणसांना, आणि तिच्या सावलीत बाजरीही चांगली येते. बिश्नोई वस्तीत आजही काळवीट माणसांच्या शेजारी निर्धास्त चरतात.

आणि याच मुलखातून जोजरी वाहते. जोधपूर शहराला आता हिमालयातल्या नद्यांचं पाणी इंदिरा गांधी कालव्यातून मिळतं. ते वापरून झालेलं पाणी उताराने जोजरीत येतं. त्यात कापडाच्या कारखान्यांचं रंगीत पाणी आणि पोलादी भांडी-पत्रे घासून चकचकीत करणाऱ्या कारखान्यांचं आम्लाचं पाणी मिसळतं. खाली धवा, डोली, अराबा या गावांच्या शिवारात जमीन इतकी सपाट की नदीला धड काठच नाहीत. तिथे हे पाणी पात्र सोडून शेतांत, गायरानात, घरांच्या उंबऱ्यापर्यंत पसरतं. डोलीजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पाण्याचं तळंच पाहिलं. त्यात सुकून गेलेल्या खेजड्या उभ्या होत्या. ज्या झाडासाठी या समाजाने मान दिली, ते झाड मुळाशी साचलेल्या पाण्याने मेलं होतं. काठाला काळविटांच्या खुरांचे ताजे ठसे होते, कारण आसपास प्यायला दुसरं पाणी नव्हतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोजरीच्या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली. सुमारे २० लाख लोकांचं जगणं यात अडकलं आहे, असा या प्रकरणाचा मथळाच आहे. नोव्हेंबरात न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली आणि जोजरी, बांडी, लूणी या तिन्ही नद्या एकत्र पाहायला सांगितलं. हे महत्त्वाचं आहे. आजवर प्रत्येक गावाने वरच्या नि खालच्या गावाकडे बोट दाखवत आपलं सांडपाणी वेगळं मोजलं. पाणी मात्र एकच आहे.

बालोतऱ्याला या सगळ्या पाण्यांची गाठ लूणीत पडते. अजमेरजवळच्या नाग पर्वतात उगम पावलेली लूणी कच्छच्या रणात विरते. समुद्र तिला भेटत नाही. म्हणजे वर टाकलेलं मीठ वाहून न्यायला पुढे सागरही नाही. बालोतऱ्यापर्यंत तिचं पाणी गोडं आणि पुढे खारं, असं जुन्या काळापासून सांगतात. शेजारच्या बिठूजा नि जसोलमध्ये कापड धुण्याचे आणि रंगवण्याचे कारखाने आहेत. माळावर दूरवर पॉपलीनचे पांढरे, गुलाबी, शेंदरी तागे वाळत घातले होते. मालेगावचा माल आहे का, असं विचारल्यावर एका मुकादमाने लगेच होकार दिला, गठ्ठ्यावरचा शिक्का दाखवला.

जवळच पचपदऱ्याला खारवाल लोक शतकानुशतकं मीठ पिकवतात. खड्डे खणून खाली मुरलेलं खारं पाणी वर आणायचं, त्यात मोरली नावाच्या झुडपाच्या काटेरी फांद्या सोडायच्या; त्यांवर मिठाचे स्फटिक धरतात. या प्रदेशाने पाण्याचे प्रकार बारकाईने ओळखलेले होते. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकात ते नोंदवले आहेत: पावसाचं थेट साठवलेलं पालर पाणी, जिप्समच्या पट्ट्यावर अडकलेलं रेजाणी पाणी आणि खोल भूगर्भातलं पाताळ पाणी. टांक्यात पालर, बेरीतून म्हणजे लहान विहिरीतून रेजाणी, आणि मीठ पिकवायचं ते खाऱ्या पाण्यावर. गोड्यात खारं मिसळू नये, एवढा एक नियम या सगळ्या शहाणपणाच्या मुळाशी होता. आज तोच मोडला गेला आहे.

शेवटचा मुक्काम तिलवाड्याचा. लूणीच्या कोरड्या पात्रात चैत्रात लोकदैवत मल्लिनाथांची जत्रा भरते. मालाणी घोडे, उंट, थारपारकर आणि कांकरेज बैल, दोरखंड आणि घंटांची दुकानं, रात्री भजनं. जत्रेच्या दिवसांत पात्रात हातभर उकरलं की गोडं पाणी लागतं, अशी इथली श्रद्धा आहे. म्हणून यात्रेकरू वाळूत बेऱ्या खणतात. माझ्यासमोर दोघा पोरांनी एक खणली. ओली वाळू लागली, मग तळाशी पाणी जमलं. एका म्हाताऱ्या बाईने ओंजळीत घेऊन आधी वास घेतला, मग जिभेला लावलं, आणि मान डोलावून पोरांना भांडं भरायला सांगितलं. चवीआधी वास घ्यायची ही सवय आताची आहे, असं ती म्हणाली. वरून रंगाचं पाणी इथवर येऊन गेलं तेव्हापासूनची.

म्हणजे वाळू अजून गाळते आहे, जिथे तिच्यावर फार बोजा पडलेला नाही तिथे. पण भूजल एकदा नासलं की ते सुधारायला फार काळ लागतो. नदीतली घाण एका पुराने निघून जाते, खाली उतरलेलं मीठ तसं निघत नाही. म्हणून माझ्या दृष्टीने करायच्या गोष्टी स्पष्ट आहेत. पावसाळी नदी ही गटार वाहून नेणारी वाट मानणं थांबवावं. तिच्यात कारखान्याचं पाणी, प्रक्रिया केलेलं असो वा नसो, सोडूच नये. मीठ कारखान्याच्या आवारातच अडवावं आणि त्याचा खर्च कापडाच्या किमतीत धरावा, मग ते कापड कुठल्याही गावच्या मागावर विणलेलं असो. काठच्या बेऱ्यांचं पाणी नियमाने तपासून आकडे गावाच्या चावडीवर लावावेत. ज्यांचे बेरे गेले त्यांना शेतीचं आणि पिण्याचं पाणी मिळावं.

यात आपलाही वाटा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत जोधपूर आणि पालीबरोबर चंद्रपूर, डोंबिवली, तारापूर, नवी मुंबई आणि औरंगाबाद ही नावं होती. मराठवाड्यातही नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडतात आणि शेतकऱ्याचा सगळा भरवसा विहिरीवर असतो. पालीच्या शेतकऱ्यांनी चार दशकांत जे सोसलं ते आपल्याकडे घडायला वेळ लागणार नाही, आणि ते टाळायला लागणारी सगळी माहिती त्यांनी स्वतःची जमीन गमावून आपल्यापुढे ठेवली आहे.